मेरीलँडच्या मैदानावरील मुली

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात आम्ही उभयता गेलो ते मुख्यतः अ‍ॅकोकीकसाठी. वॉशिंग्टनच्या दक्षिणेला साधारण ३५ किलोमीटरवर हे गाव आहे. तेथे आंबेडकर इंटरनॅशनल सेंटरची १३ एकर जागा असून, १४ ऑक्टोबर २०२३ रोजी, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तनाच्या तारखेला, शिल्पकार राम सुतार यांनी घडविलेल्या बाबासाहेबांच्या १९ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. त्या स्थळाविषयी आपल्या समाजात पुष्कळ लिहून-बोलून झाले आहे. आज वाचकांना सांगायचे आहे ते त्याच राज्यात पाहिलेल्या एका निराळ्या गोष्टीबद्दल. मुलींचा एक खेळ, आणि त्या खेळाच्या वाटेने कॉलेजात शिरण्याची तिकडची रीत.

खेळाचे नाव लॅक्रोस. अनावरणानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर २०२३ रोजी, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या मुंबईत भरलेल्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी पाच खेळांना मान्यता मिळाली. त्यांत क्रिकेट होते, तसेच लॅक्रोसही होते. आपल्याकडे बोलबाला झाला तो क्रिकेटचा.

आमची भाची बाल्टिमोर शहराच्या उत्तरेला टाउसनच्या बाजूस राहते. ती इस्पितळात नर्स आहे, जावई संगणक कंपनीत आहेत. त्यांची मुलगी दहावी संपवून अकरावीत जाणार होती. घरात पाऊल टाकले तेव्हा दाराशी चपलांच्या शेजारी दोन काठ्या उभ्या होत्या, टोकाला विणलेली जाळी असलेल्या. आमच्या मंडळींना वाटले फुलपाखरे पकडायची असतील. पोरगी खूप हसली. "आजी, ही माझी स्टिक आहे," म्हणाली, आणि बागेत नेऊन दाखवू लागली.

खेळ समजायला अवघड नाही. दोन्ही बाजूंना बारा-बारा मुली, त्यांत एक गोलरक्षक. रबरी घट्ट चेंडू या जाळीत झेलायचा, जाळीतच सांभाळत पळायचे, जोडीदारणीकडे फेकायचा आणि सहा फूट बाय सहा फुटांच्या गोलात मारायचा. चेंडू जाळीतून पडू नये म्हणून पळताना मनगटाने काठी हलवत राहावे लागते. तान्हे मूल झोपाळ्यात हलवतात तशी ती हालचाल दिसते. पुरुषांच्या खेळात अंगावर धडका चालतात आणि शिरस्त्राण लागते. मुलींच्या खेळात अंगाला धक्का देणे नियमबाह्य आहे. मुली डोळ्यांवर जाळीचा गॉगल आणि दातांना रबरी कवच लावतात. गोलरक्षक मुलगी मात्र शिरस्त्राण, छातीकवच घालून एखाद्या शिपायासारखी उभी असते. २००४ साली मेरीलँडने लॅक्रोसला आपला अधिकृत सांघिक खेळ ठरविले. कॉलेज पार्क येथील मेरीलँड विद्यापीठाच्या मुलींनी राष्ट्रीय अजिंक्यपद १४ वेळा जिंकले आहे, त्यांतील सात १९९५ ते २००१ या काळात लागोपाठ. कोल्हापूरच्या पोराला जशी तालीम, तशी तिकडच्या मुलीला ही काठी.

जून २०२५ मध्ये एका शनिवारी-रविवारी भाचीने आम्हाला क्लबांच्या स्पर्धेला नेले. शाळेचा संघ वेगळा आणि क्लब वेगळा. शाळेचे सामने वसंतात होतात, पण त्याच दिवसांत कॉलेजांचेही सामने असतात, म्हणून कॉलेजच्या प्रशिक्षकांना शाळांच्या मैदानांवर फिरकायला सवड नसते. ते मुली निवडतात उन्हाळ्यात, या क्लबांच्या स्पर्धांत. म्हणून ज्या मुलीला कॉलेजात खेळायचे आहे तिला क्लब हवाच. आणि क्लब म्हणजे पैसा.

सकाळी सातलाच गवत उन्हाने तापायला लागले होते. एकाला एक लागून दहा-बारा मैदाने, प्रत्येकावर सामना, प्रत्येकाच्या कडेला तंबू, बर्फाच्या पेट्या, घडीच्या खुर्च्या, कापलेली कलिंगडे. संघांची नावे ऐकून नवल वाटले. क्लबाच्या नावापुढे २०२६, २०२७, २०२८ असे आकडे. भाचीने सांगितले, "मामा, मुलगी शाळेतून ज्या वर्षी बाहेर पडणार ते हे वर्ष. कॉलेजवाल्यांना वयापेक्षा हे वर्ष आधी कळायला लागतं."

मैदानाच्या एका बाजूस आईबाप, आणि दुसऱ्या बाजूस कॉलेजांचे प्रशिक्षक. त्यांना ओळखणे सोपे. प्रत्येकाच्या सदऱ्यावर आपापल्या विद्यापीठाचे नाव, हातात पाटी किंवा मोबाइल, डोळ्यांवर काळा चष्मा. ते टाळ्या वाजवीत नाहीत, हसत नाहीत. मुलीच्या पाठीवरचा नंबर बघतात आणि काहीतरी टिपतात. नंबरावरून तिचे नाव, खेळण्याची जागा, शाळेतील गुण हे सारे त्यांच्या यादीत आधीच असते. दहावीच्या मुलीशी त्यांनी बोलायचे नाही असा नियम आहे. त्यामुळे मुलगी पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या पुढ्यातून जाते, आणि दोघेही एकमेकांना पाहिलेच नाही असे दाखवतात. मुलगी दाखवायचा कार्यक्रम आपण बंद करीत आणला. तिकडे तो मैदानावर चाललेला पाहून आमच्या मंडळींना बरे वाटले नाही. पण थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "इथे निदान पोरीचे पाय किती पळतात ते बघतात, रंग-नाक नव्हे."

दुपारी वीज चमकली तसा भोंगा वाजला आणि शेकडो माणसे धावत मोटारींत जाऊन बसली. अर्धा तास सगळे थांबून होते. मोटारीत बसल्या बसल्या पोरीने आम्हाला आपला मोबाइल दाखवला. तिच्या खेळाची तीन मिनिटांची चित्रफीत, आणि निरनिराळ्या कॉलेजांच्या प्रशिक्षकांना धाडलेली चाळीसेक पत्रे. 'मी अमुक मैदानावर, अमुक वाजता, अमुक नंबर घालून खेळणार आहे, कृपया पाहावे.' बहुतेकांचे उत्तर आलेले नव्हते, कारण येऊच शकत नव्हते. फक्त त्यांच्या कॉलेजातील शिबिराची जाहिरात येई, आणि त्या शिबिरालाही फी.

हा न बोलण्याचा नियम नवाच आहे. पूर्वी आठवी-नववीतल्या पोरी कॉलेजांना तोंडी शब्द देऊन बसत. चौदा वर्षांच्या मुलीने पाच वर्षांनंतरचे कॉलेज ठरवायचे! शेवटी या खेळाच्या प्रशिक्षकांनीच मागणी केली, आणि एप्रिल २०१७ मध्ये कॉलेज क्रीडा संघटनेने ठरविले की पहिल्या वर्गाच्या कॉलेजच्या प्रशिक्षकाने अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी मुलीशी किंवा तिच्या घरच्यांशी भरतीचे बोलणे करायचे नाही. तेव्हापासून १ सप्टेंबरची मध्यरात्र ही तिकडच्या घरांतून जागून काढण्याची रात्र झाली आहे. आपल्याकडे बोर्डाच्या निकालाची आदली रात्र असते, तसेच.

आता हिशेब सांगतो, कारण आमच्या मनात तोच घोळत होता. साधी काठी पन्नास-साठ डॉलरला मिळते, चांगली दोनशेच्या वर जाते. क्लबाची फी, प्रवास, हॉटेले, शिबिरे धरून वर्षाला काही हजार डॉलर सहज जातात, आणि हे चार-पाच वर्षे. बदल्यात मिळते काय? कॉलेजांचे तीन वर्ग आहेत आणि तिन्ही मिळून मुलींचे पाचशेहून अधिक संघ आहेत. त्यांतील सर्वांत मोठ्या, म्हणजे तिसऱ्या वर्गात, खेळासाठी शिष्यवृत्ती दिलीच जात नाही. पहिल्या वर्गात सव्वाशेच्या आसपास संघ. तेथे २०२५ पर्यंत एका संघाला फार तर १२ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम देता येई, ती तीस-पस्तीस मुलींत वाटली जाई. जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर ती तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांना शिष्यवृत्त्यांची मर्यादा राहिली नाही, मात्र संघात ३८ मुलींहून अधिक घ्यायच्या नाहीत असे ठरले. हार्वर्ड, येल, कोलंबिया वगैरे आठ नामांकित विद्यापीठांचा जो गट आहे, तो खेळासाठी एक डॉलरही शिष्यवृत्ती देत नाही.

मग आईबाप एवढा पैसा का ओततात? शिष्यवृत्तीपेक्षा मोठी गोष्ट ते विकत घेऊ पाहतात, ती म्हणजे प्रवेश. प्रशिक्षकाने मुलीचे नाव आपल्या यादीत घातले, की तिचा अर्ज त्या हजारोंच्या ढिगात राहत नाही. बारावी सुरू होण्यापूर्वीच तिची गुणपत्रिका प्रवेश कचेरीकडे जाते, आणि 'चालेल' किंवा 'चालणार नाही' असे प्रशिक्षकाला कळवले जाते.

पाऊस थांबल्यावर शेजारच्या खुर्चीवर आपल्याच भागातले एक गृहस्थ येऊन बसले. त्यांची मुलगी दुसऱ्या क्लबात होती. मराठी ऐकून ते खुशीत आले, गाव विचारले, मग आडनाव विचारले. आडनाव ऐकून क्षणभर थांबले, आणि तुटलेला धागा जोडावा तसे म्हणाले, "इथे एक बरं आहे. रिझर्व्हेशनची भानगड नाही. सगळं मेरिटवर." समोर त्यांची मुलगी धावत होती आणि पलीकडे पाटीवर कोणीतरी तिचा नंबर टिपत होते. आम्ही विचारले, "मग त्या खुर्चीवाल्यांच्या यादीला काय म्हणायचं?" ते म्हणाले, "ती वेगळी गोष्ट आहे." ती वेगळी कशी, हे सांगण्यापूर्वी शिट्टी झाली आणि ते उठून गेले.

वाचकांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. हार्वर्डवर जो प्रसिद्ध खटला झाला, त्यात विद्यापीठाची प्रवेशाची माहिती उघड करावी लागली. तिचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ साली दाखवून दिले की प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक हे भरती केलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापक-नोकरवर्गाची मुले किंवा देणगीदार वगैरेंशी संबंध असलेल्या खास यादीतील होते. काळ्या, आशियाई व लॅटिनो विद्यार्थ्यांत हे प्रमाण १६ टक्क्यांहून कमी. त्याच २०१९ च्या मार्च महिन्यात मोठा घोटाळा उघडकीस आला. श्रीमंत आईबापांनी लाच देऊन, कधी न खेळलेल्या पोरांना नौकानयन, टेनिस, फुटबॉल यांचे खेळाडू म्हणून नामांकित विद्यापीठांत घुसविले होते. नट्या तुरुंगात गेल्या. आणि २९ जून २०२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वर्णाचा विचार करणे बंद केले. काळ्या मुलांसाठी जी थोडी फट होती ती बुजवली, खेळाडूंच्या यादीला हात लावला नाही. आपल्याकडेही सरकारी नोकरीत पाच टक्के क्रीडा आरक्षण आहे आणि त्यासाठी खोटी प्रमाणपत्रे काढल्याच्या बातम्या येतात. त्याला कोणी गुणवत्तेवरचा घाला म्हणत मोर्चा काढल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

पण एकच बाजू सांगून भागणार नाही. या मुली मैदानावर आल्या कशा? कायद्याने आल्या. २३ जून १९७२ रोजी अमेरिकेत 'टायटल नाइन' हा कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेद करता येणार नाही, एवढेच त्याचे एक वाक्य. हवाई राज्याच्या खासदार पॅट्सी मिंक यांचा त्यात मोठा वाटा. त्या वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज करीत होत्या तेव्हा कॉलेजांनी त्यांना नाकारले होते. त्यापूर्वी मुलींचे संघ उसन्या कपड्यांवर, वर्गणीवर चालत. कायद्यानंतर कॉलेजांना मुलींसाठी संघ काढावे लागले, आणि १९८२ पासून मुलींच्या लॅक्रोसची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांच्या लेकींना हे वेगळे समजावून सांगायला नको. दरवाजा कायद्याने उघडतो. आत जाण्याच्या वाटखर्चाचे काय, हा प्रश्न कायदा झाल्यावर उभा राहतो.

एके दिवशी आम्ही स्पार्क्स या गावी असलेले लॅक्रोसचे राष्ट्रीय संग्रहालय पाहिले. हा खेळ मुळात गोऱ्यांचा नव्हेच. न्यूयॉर्क राज्य आणि कॅनडाच्या सीमेवरील हॉडेनोशोनी लोकांचा, म्हणजे मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायूगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांचा तो पूर्वापार खेळ. निर्मात्याने दिलेला खेळ असे ते त्याला मानतात आणि कोणी आजारी असेल तर त्याच्या बरे होण्यासाठीही खेळतात. मॉन्ट्रियलच्या विल्यम जॉर्ज बीअर्स नावाच्या दंतवैद्याने १८६७ साली त्याचे नियम लिहून काढले. पुढे १८८० मध्ये कॅनडाच्या लॅक्रोस संघटनेने हौशी खेळाडूंचा नियम करून मूळ रहिवाशांनाच अजिंक्यपदाच्या स्पर्धेतून बाहेर ठेवले. ज्यांचा खेळ, त्यांनाच मैदानबंदी! चवदार तळ्याची आठवण आम्हाला तिथे आली.

मुलींचा खेळ आणखी लांबच्या वाटेने आला. स्कॉटलंडमधील सेंट लेनर्ड्स या मुलींच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका लुइझा लम्सडेन यांनी तो कॅनडात पाहिला आणि १८९० मध्ये आपल्या शाळेत सुरू केला. तेथून रोझाबेल सिंक्लेअर यांनी १९२६ साली बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत आणला. हॉडेनोशोनींच्या रूढीत मात्र पुरुषांच्या लाकडी काठीला बाईने हात लावायचा नाही असे होते. रूढी ती रूढीच, सोसलेल्यांची असली म्हणून काय झाले. त्यांच्याही मुलींनी ती ओलांडून संघ उभा केला. २०१५ मध्ये एकोणीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेसाठी या मुली स्कॉटलंडला निघाल्या, तेव्हा ब्रिटिश सरकारने त्यांच्या राष्ट्राचे पारपत्र मानले नाही. अमेरिकेचे किंवा कॅनडाचे पारपत्र घेऊन जाता आले असते. मुली गेल्या नाहीत. २०२२ ची महिलांची जागतिक स्पर्धा आमच्या भाचीच्या घराजवळ टाउसनलाच झाली, तेव्हा हॉडेनोशोनींचा संघ आपल्या झेंड्याखाली खेळला. ऑलिम्पिकमध्ये मात्र ज्या देशाची ऑलिम्पिक समिती आहे त्याच देशाला उतरता येते, त्यामुळे २०२८ साठी त्यांचा झगडा चालू राहिला आहे.

त्या स्पर्धेतील मैदानांवर काळ्या मुली आम्ही बोटांवर मोजल्या. अर्ध्या तासावर पश्चिम बाल्टिमोर आहे, जिथे रांगेने घरे आहेत, पैकी कित्येकांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, आणि जिथे काळी कष्टकरी वस्ती आहे. तिथल्या पोरींना पळता येत नाही थोडेच! याच शहरातील मॉर्गन स्टेट या काळ्यांच्या कॉलेजच्या मुलांनी १९७५ मध्ये वॉशिंग्टन अँड लीच्या बलाढ्य संघाला हरवले होते. मुलींचेही एक उदाहरण आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने २००२ मध्ये आपला संघ नव्याने सुरू केला. प्रशिक्षिका केली अमॉन्टे हिलर यांनी कधीही काठी न धरलेल्या दोन जुळ्या बहिणींना विद्यापीठातच हेरून संघात घेतले, आणि २००५ मध्ये तो संघ एकही सामना न हरता देशात पहिला आला. हार्लेममध्ये आणि बाल्टिमोरमध्येही सरकारी शाळांतील मुलामुलींना काठी देऊन, सोबत अभ्यास घेणारी 'हार्लेम लॅक्रोस' ही संस्था काम करते. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकले, त्याला लागूनच हे हार्लेम. महाराजा सयाजीरावांची शिष्यवृत्ती नसती तर आपला विद्यार्थी त्या दाराशी पोचला नसता, हे आपण मुलांना सांगतोच.

आत शिरले म्हणजे सुटले असेही नाही. एप्रिल २०२२ मध्ये डेलावेअर स्टेट या काळ्यांच्या विद्यापीठाचा मुलींचा लॅक्रोस संघ फ्लोरिडातील सामना आटोपून बसने परतत होता. जॉर्जिया राज्यात पोलिसांनी रहदारीच्या कारणावरून बस थांबविली आणि कुत्रे आणून मुलींच्या सामानाची झडती घेतली. काही सापडले नाही. वर्णावरून केले नाही, असे तेथील शेरीफ म्हणाले. एका मुलीने मोबाइलवर सारे टिपले होते, विद्यापीठाच्या पत्रात बातमी लिहिली गेली, आणि विद्यापीठाने केंद्राच्या न्यायखात्याकडे तक्रार केली. आमच्या नातीला हा प्रसंग तपशिलासह पाठ आहे.

१ सप्टेंबर २०२५ हा तिकडच्या कामगार दिनाचा सोमवार होता. आदल्या रात्री भाचीची पाळी नव्हती. बारा वाजेपर्यंत चहा करून सगळे बसलो. बारा वाजून दोन मिनिटांनी पहिला संदेश आला, सकाळपर्यंत चार. जी दोन मोठी विद्यापीठे तिच्या मनात होती त्यांपैकी एकाचाही नाही. पोरगी थोडा वेळ गप्प राहिली, मग चारही संदेश मोठ्याने वाचून दाखवले. जावयांनी कागद काढून फीचा हिशेब मांडला. ज्या कॉलेजने आग्रहाने बोलाविले तेथील खेळाची शिष्यवृत्ती फीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही होत नव्हती; आणि एका छोट्या कॉलेजात खेळाला काही नाही, पण घरची मिळकत पाहून आणि गुणांवर मिळणारी मदत त्याहून अधिक होती. भाची तिला म्हणाली, "बाळा, पाय मोडला तरी जिथे शिकता येईल ते कॉलेज बघ." आम्ही निघालो तोवर काही ठरले नव्हते.

तिचा रोजचा सराव आम्ही पाहत असू. क्लब, शिबिरे सगळे असूनही संध्याकाळी ती शाळेच्या मागच्या विटांच्या भिंतीपुढे उभी राही आणि चेंडू भिंतीवर मारून झेली, शंभर वेळा उजव्या हाताने, शंभर वेळा डाव्या. त्याला एक पैसा लागत नाही. नायगावच्या चाळीत आपल्या पोरी हेच करीत आल्या आहेत, काठीशिवाय.

येताना तिने आपल्या दोन जुन्या काठ्या आमच्या विहारातील मुलींसाठी दिल्या. एक स्क्रू काढला की जाळी आणि दांडा वेगळे होतात. दांडे बॅगेत तिरके बसले, जाळ्यांत आमच्या मंडळींनी मोजे भरले. रविवारी वंदना झाल्यावर मुली त्या घेऊन मागच्या भिंतीशी जातात. दोघींना खेळता येते आणि बाकीच्या रांगेत उभ्या असतात, म्हणून कोणाकडे तशा काठ्या पडून असतील तर विहारात आणून द्याव्यात. चेंडू मात्र दुकानातला साधा रबरीच घेतला आहे. तो जरा जास्त उसळतो, एवढेच.